हर्षदाचं मेडिकल

ऐनाच्या झाडावर चढून सुनिल टहाळ्या तोडत होता आणि खाली निलम त्यांचे भारे बांधत होती. म्हणजे बांधायला बघत होती. दोन वर्षांपूर्वी हीच बाई दिवसाला वीस भारे बांधून डोक्यावरून खाचरात नेऊन टाकायची. आता चौथ्याच भाऱ्याला तिच्या तळहातावर फोड आले. तिनं ते नवऱ्याला दाखवले नाहीत. ओढणीचं टोक फाडून हाताला गुंडाळलं आणि परत वाकली. सुनिलनं वरून पाहिलं आणि पुढची टहाळी तोडली. ती आल्यापासून तीन दिवस दोघांचं असंच चाललं होतं. दिसत सगळं होतं आणि बोलणं फक्त जेवणाचं होत होतं.

मार्च अर्धा झाला होता. उधव्याच्या पुढं गुजरातच्या हद्दीला चिकटलेल्या त्या पाड्यात या दिवसांत कुणी रिकामं नसतं. पावसाआधी भात पेरायची जागा भाजून ठेवावी लागते. शेण, टहाळ्या, पाला, गवत यांचे थर लावायचे, वर माती टाकायची आणि पेटवून द्यायचं. याला राब म्हणतात. सुनिलची खाचरं दोनच होती. एरवी तो उंबरगावला एका पॅकिंग कंपनीत हेल्पर म्हणून जायचा, पण निलम गेल्यापासून ते सुटलं होतं. पोरीला शाळेत सोडायचं, आणायचं, घरात म्हातारी आई, तिचं दुखणं. बायको परदेशात म्हटल्यावर लोकांना वाटायचं हा खाटेवर बसून खातो. तो खाटेवर कधी बसायचा ते त्याचं त्याला आठवत नव्हतं.

निलम कॅनडात नर्स होती. आश्रमशाळेतून बारावी, मग नर्सिंग, मग वापीच्या एका खाजगी हॉस्पिटलात पाच वर्षं, आणि तिथून थेट कॅनडा. तिकडच्या एका म्हाताऱ्यांच्या होममध्ये ती आधी नुसती देखभालीला होती. मग तिथली परीक्षा देऊन नर्स झाली. आता त्या होमनं तिला कायमच्या नोकरीचं पत्र दिलं होतं. त्या पत्रावर तिला तिकडं कायमचं राहण्याचा परवाना, ज्याला सगळे पी. आर. म्हणतात, तो मागता येणार होता. एकवीस दिवसांची रजा काढून ती आली ती दोन कामांसाठी. एक, या परवान्याचे इकडचे कागद करायचे. दुसरं, लग्न करायचं.

लग्न सुनिलशीच करायचं होतं. ज्याच्या घरात ती नऊ वर्षं नांदत होती आणि ज्याच्यापासून तिला सात वर्षांची हर्षदा होती, त्याच्याशीच. शहरातल्या माणसाला याचं हसू येईल. पाड्यात कुणाला येत नाही. पोरगी घरात येते, चूल सांभाळते, शेतात राबते, पोरं होतात, आणि लग्न आपलं पुढच्या वर्षावर जात राहतं. मांडव घालायचा म्हणजे सगळ्या पाड्याला जेवण, लग्न लावणारी धवलेरी, भिंतीवर तांदळाच्या पिठानं लग्नाचा चौक लिहिणाऱ्या बाया, वाजप. ते जमेल तेव्हा जमेल. सुनिलच्या आईचं, रखमीचं लग्न तिच्या थोरल्या लेकीच्या मांडवात लागलं होतं. मायलेकींना एकाच वाटीतली हळद लागली, हे रखमी आजही कौतुकानं सांगायची.

आता सुनिल-निलमचं ठरलं होतं. पुढचा गुरुवार. रखमीनं चौकासाठी आतली भिंत शेणानं सारवून वर गेरू दिला होता. तांदूळ कांडून ठेवले होते. धवलेरी भिकी म्हातारी दोन पाडे सोडून राहायची, तिला सांगावा गेला होता.

*

सोमवारी दोघं वापीला गेली. परदेशचे कागद करून देणाऱ्या भाविनीबेनचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं. चपला बाहेर काढायच्या होत्या. सुनिलच्या टाचांच्या भेगांत राबाची माती होती, ती पांढऱ्या फरशीवर उमटत गेली. तो पाय उचलून उचलून चालला, तरी उमटली. आत दोनच खुर्च्या होत्या. एकीवर निलम बसली, दुसरीवर फायलींचा गठ्ठा होता. तो कुणी उचलला नाही आणि सुनिलनंही उचला म्हटलं नाही. तो भिंतीला लागून उभा राहिला. निलमनं आणलेली नवी पँट त्यानं घातली होती, तिची घडी अजून मोडली नव्हती.

भाविनीबेननं होमचं पत्र वाचलं, निलमचा जुना व्हिसाचा फॉर्म स्क्रीनवर काढला.

"सिंगल, मुलं नाहीत. बरोबर?"

निलम हो म्हणाली. सवयीनं म्हणाली.

"अने आ कोण? हे कोण?" भाविनीबेननं सुनिलकडं पाहिलं.

सुनिलनं निलमला बोलू दिलं नाही. "गावचा हाय," तो म्हणाला. "सोबतीला आलो."

असं तो का म्हणाला हे त्याला नीट सांगता आलं नसतं. ते थंडगार ऑफिस, ती पँट, फरशीवरचे डाग, आणि स्क्रीनवर बायकोचं नाव इंग्रजीत. त्यात आपण कुठं बसतो ते त्याला कळेना. जे तोंडाला आलं ते तो बोलला. निलमची मान खाली गेली. काही वेळानं ती हळू आवाजात म्हणाली, "हा माझा माणूस आहे, मॅडम. आम्हाला सात वर्षांची मुलगी आहे."

भाविनीबेननं हातातलं पेन खाली ठेवलं.

मग निलमला सगळं सांगावं लागलं. अडीच वर्षांपूर्वी पहिला फॉर्म एका एजंटानं भरला होता. तो आता दुकान बंद करून कुठं गेला कुणाला माहीत नाही. त्यानं विचारलं, लग्न झालंय? ती नाही म्हणाली. त्यात खोटं बोलायचं तिच्या मनातही नव्हतं. लग्न झालंच नव्हतं. पाड्यात कुणी विचारलं असतं तरी तिनं हेच उत्तर दिलं असतं आणि ऐकणाऱ्याला ते बरोबर कळलं असतं. एजंटानं त्याच ओघात मुलांच्या रकान्यातही नाही अशी खूण करून टाकली. सही करताना तिला तो रकाना दिसला. तिनं विचारलंसुद्धा. तो म्हणाला, एकट्या बाईचं लवकर होतं, मुलगी मागाहून लिहिता येते. मागं माणसं उभी होती, तिची ड्युटी दोनला होती. तिनं सही केली.

"निलमबेन, मी तुम्हाला सरळ सांगते," भाविनीबेन म्हणाली. "तिकडं लग्न न लावता वर्षभर एका घरात राहिलं तरी नवरा-बायकोच धरतात. फॉर्ममध्ये त्याचा वेगळा रकाना होता. तुम्ही नाही लिहिलं, ते त्यांच्या हिशेबानं चूक झालं. आणि मुलीचं तर कुठल्याच हिशेबात बसत नाही."

पुढचं तिनं बोटावर मोजून सांगितलं. रस्ते दोन. एक म्हणजे आता पी. आर.च्या अर्जात नवरा आणि मुलगी दोन्ही लिहायची, आणि पहिल्या वेळी का लिहिली नाहीत त्याचं पत्र जोडायचं. ते लोक मान्य करतील किंवा करणार नाहीत. नाही केलं तर आम्हाला फसवलं म्हणून फाइल बंद, पाच वर्षं पुन्हा अर्ज नाही, आणि नोव्हेंबरात कामाचा परवाना संपला की घरी. दुसरा रस्ता, जसं आहे तसं ठेवायचं. सिंगल, मुलं नाहीत. मग काही अडचण दिसत नाही. पण जी मुलगी अर्जात लिहिली नाही आणि जिची मेडिकल तपासणी झाली नाही, तिला पुढं कधीही मुलगी म्हणून बोलावता येत नाही. नवऱ्यालाही नाही.

"कधीच?" निलमनं विचारलं.

"मी तरी कुणाचं झालेलं पाहिलं नाही." भाविनीबेननं आवाज जरा मऊ केला. "लिहिलीत तर मुलीला मेडिकलसाठी मुंबईला आणावं लागेल. लेटर येईल तसं. जन्माचा दाखला, लसीचं कार्ड, फोटो तयार ठेवा. आणि नाही लिहायचं ठरलं, तर ते गुरुवारचं लग्न करू नका. तुमचे फोटो कुणाच्या तरी मोबाइलवर जाणारच."

उतरताना सुनिल जिन्यात दोन पायऱ्या मागं राहिला. गाडीत बसेपर्यंत निलम त्याला एकच वाक्य बोलली, की गावचा म्हणायला नको होतंस. तो म्हणाला, कागदावर तर तेवढाही नाय. मग तलासरी येईपर्यंत दोघं आपापल्या बाजूच्या खिडकीतून बाहेर पाहत बसली.

*

रखमीला सांगणं सगळ्यांत जड गेलं. तिला कॅनडा कळत नव्हता, फॉर्म कळत नव्हता. काय लिहायचं ते ठरेपर्यंत लग्न नको, यातलं लग्न थांबवायचं एवढंच कळलं. ती बराच वेळ गेरूच्या भिंतीकडं पाहत बसली.

"लगीन केला तर तिला हाकलतील?" तिनं विचारलं.

"हाकलतील असा नाय. पण तसाच काय तरी," सुनिल म्हणाला.

"मग लगीन करत नाय त्यांनाच ठेवतात काय तिकडं?" रखमी म्हणाली.

भिकी धवलेरी दुसऱ्या दिवशी काठी टेकत आली. तिला परत पाठवायचं होतं. रखमीनं तिला नागलीची भाकरी आणि सुकट वाढलं, आणि शेवटी सांगितलं. भिकीनं पाणी पिऊन भांडं पालथं ठेवलं. तिनं ना कारण विचारलं ना तोंड वाकडं केलं.

"मी काय, बोलावशील तवा येन," ती म्हणाली. "पण हा गळा किती दिस राहील ते मना नाय सांगता येत."

हर्षदाला लग्नात घालायचा नवा फ्रॉक निलमनं कॅनडातून आणला होता, निळा, कमरेला पट्टा असलेला. पोरगी आईला अजून बुजत होती. फोनवर रोज बोलायची, पण समोर आली की रखमीच्या पदराआड जायची. निलम जेवायला बसली की लांबून तिच्या हातातलं घड्याळ पाहायची. रात्री कुशीत यायची ती झोपेत, जागेपणी नाही. निलम हे सहन करायची. होममध्ये चावणाऱ्या, थुंकणाऱ्या म्हाताऱ्यांना ती रोज आंघोळ घालत होती, तिला धीर धरायची सवय होती. पण स्वतःची पोर हात लावू देत नाही तेव्हा कसला धीर, असं तिला वाटायचं. मग ती बाहेर जाऊन भारे बांधायची.

बुधवारी दोघं खाचरात टहाळ्या पसरत होती. ऊन चढलं होतं. शेण टाकून झालेल्या जागेवर सुनिल पाला रचत होता आणि निलम पायानं दाबत होती. पाला दाबता दाबता ती म्हणाली, "काय करू ते सांग."

सुनिलनं लगेच उत्तर दिलं. इतकं लगेच, की ते त्यानं दोन दिवस तयार ठेवलं होतं हे तिला कळलं.

"नको लिवू."

"पोरीचा?"

"दोगांचा पण नको लिवू. फाइल बंद झाली तं तू परत वापीला. तेच हॉस्पिटल, तीच नाइट. इतकी शिकलीस, म्हाताऱ्यांचा हगणामुतणा काढून परीक्षा दिलीस, ती कशाला? पोरगी हितं माझ्यापाशी हाय. तिला काय कमी हाय?"

"तिला आई कमी हाय," निलम म्हणाली.

सुनिलनं पाला रचायचं थांबवलं नाही. तो म्हणाला, आईच्या नोकरीवर तर शिकेल, डहाणूच्या शाळेत घालू, हॉस्टेलला ठेवू. बरंच काही म्हणाला. त्याचं बोलणं सगळं शहाणपणाचं होतं आणि त्यातलं एकही वाक्य त्याला खरं वाटत नव्हतं. आपण नको म्हणावं आणि तिनं ऐकू नये, तिनं दोघांचीही नावं लिहावीत, फाइल जाऊ दे खड्ड्यात म्हणावं, असं त्याला आतून वाटत होतं. पण हे तिला सांगितलं तर उद्या काही वाईट झाल्यावर त्याचा दोष आपल्यावर येईल, ही भीतीही होती. म्हणून त्यानं तेवढं पोटात ठेवलं. पुढं सहा महिने त्याला याचाच पश्चात्ताप होत राहिला.

निलमनं ऐकून घेतलं. लिहिणार की नाही ते न सांगता ती पाला दाबत राहिली.

*

तिकडच्या अर्जाला पोलिसांचा दाखला लागत होता. त्याच्या चौकशीला शनिवारी हवालदार येणार असा फोन आला. निलमचा पासपोर्ट माहेरच्या पत्त्यावर होता. माहेर त्याच पाड्याच्या दुसऱ्या टोकाला. सकाळीच ती आपली बॅग घेऊन तिकडं गेली आणि आई जमुनाच्या ओट्यावर जाऊन बसली. लेक माहेरी आली म्हणून जमुनाला आनंद झाला. तिला ऐकू कमी यायचं, त्यामुळे कुणी तिला काही समजावत बसलं नाही.

हवालदार अकराच्या उन्हात मोटरसायकलवरून आला. चांगला माणूस होता. ओट्याच्या सावलीत बसून त्यानं घाम पुसला, दोन तांबे पाणी प्यायला आणि म्हणाला, ओळखणारे दोघं बोलवा, सही लागेल. शेजारचा बारक्या म्हातारा घरीच होता, तो आला. दुसरं कोण म्हणताना हवालदारानं कुडाच्या पलीकडं उभ्या असलेल्या सुनिलला हात केला. "तू ओळखतोस ना हिला? मग ये की."

सुनिल आला. हवालदारानं छापील कागदावरच्या मोकळ्या जागा भरल्या आणि वाचून दाखवलं. सदर महिलेस आम्ही लहानपणापासून ओळखतो. ती अविवाहित आहे. तिची वर्तणूक चांगली आहे. बारक्यानं अंगठा केला. त्यानं सुनिलकडं एकदा पाहिलं, मग शाईचं बोट डोक्याला पुसलं आणि उठून गेला. सुनिलनं पेन घेतलं. सही रोजच्यासारखीच आली. त्याचंच त्याला नवल वाटलं.

तेवढ्यात रखमीचा डोळा चुकवून हर्षदा पळत आली. निलमच्या अंगावर जाणार, तर समोर पोलीस दिसला म्हणून थबकली आणि सुनिलच्या मांडीला बिलगली.

"ही कुणाची?" हवालदारानं सहज विचारलं.

"माझी," सुनिल म्हणाला.

"आई कुठंय गं तुझी?"

पोरीनं तोंड उघडलं. सुनिलनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "कामाला गेली."

निलम हवालदारासाठी तिसरा तांब्या भरून उभी होती. तिनं तो खाली ठेवला नाही की त्याला दिलाही नाही. हवालदारानं स्वतःच हात पुढं केला, पाणी प्यायला, मुलीचा गाल धरून चांगली शिक म्हणाला आणि गेला. हर्षदानं बापाकडं पाहिलं. आई समोर असताना कामाला गेली का म्हणालास, असं तिनं विचारलं नाही. आई म्हणजे कामाला गेलेलीच असते, हे तिला माहीत होतं.

जायच्या आदल्या दिवशी निलम हर्षदाला घेऊन तलासरीला गेली. दोघीच, सुनिलला नको म्हणाली. संध्याकाळी आल्या तेव्हा हर्षदाच्या केसांना तेल लावून पाठीमागं घट्ट वेणी घातलेली होती आणि हातात फोटोचं पाकीट होतं. सहा फोटो, पांढऱ्या कापडासमोर, दोन्ही कान दिसतील असे. निलमनं तीन सुनिलला दिले. तीन आपल्या पर्समध्ये पासपोर्टच्या पाकिटात ठेवले.

सुनिलनं ते ठेवताना पाहिलं. त्या दिवशी तो दोन भाकऱ्या जास्त जेवला.

*

ती गेली. राब पेटवले, भिजले, पेरण्या झाल्या. रोज सकाळी सातला निलमचा फोन यायचा. तिकडं तेव्हा रात्र झालेली असायची. ती आधी हर्षदाशी बोलायची, मग रखमीशी, मग सुनिलशी. अर्ज भरला, एवढं तिनं एप्रिलमध्ये सांगितलं. काय लिहिलंस ते त्यानं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. विचारलं तर उत्तर येईल आणि मग ते कायमचं होईल, म्हणून तो दुसरंच बोलायचा. गाय व्याली, बारक्याची भिंत पडली, शाळेत नवीन बाई आल्या.

पण तीन फोटो पर्समध्ये गेले होते. त्यावर त्यानं सगळा पावसाळा काढला.

मेडिकलचं लेटर येईल आणि पोरीला मुंबईला न्यावं लागेल, तेव्हा तिच्यात काही खोट निघता कामा नये, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं. उपकेंद्राच्या सिस्टरला त्यानं विचारून घेतलं, परदेशच्या मेडिकलला काय बघतात. ती म्हणाली, वजन बघत असतील, छातीचा फोटो, रक्त. झालं, तेव्हापासून हर्षदाला रोज एक अंडं. रखमीच्या सांधेदुखीचा पाला उकळायचा तो टोप त्यानं बाजूला काढला आणि त्यात पोरीसाठी दूध तापवायला लागला. दाखला, लसीचं कार्ड आणि फोटो एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी त्यानं आढ्याला बांधली. निळा फ्रॉक महिन्यातून एकदा धुवून, वाळवून, परत घडी करून ठेवायचा. जूनमध्ये तिला थोडा खोकला झाला तर हा तीन वेळा उपकेंद्रात गेला. सिस्टर हसून म्हणाली, पावसाचा खोकला आहे, जाईल. तो हसला नाही.

आणि भिजायला बंदी. ओहोळाला पाणी आलं की तो तिला खांद्यावर घेऊन पार करायचा, वरून मेणकापड. सात वर्षांची पोर, तिला लाज वाटायची. पाड्यातली पोरं खाचरांच्या बांधावर खेकडे धरायला जायची, डोक्यापासून पायापर्यंत चिखल, आणि ही ओट्यावर बसून पाहायची. लावणीच्या दिवसांत सगळं घर पाण्यात असायचं आणि तिला एकटीला शेताच्या कडेला छत्री घेऊन उभं केलेलं असायचं.

"पोरीचा काय देवाला नैवेद्य करायचा हाय?" रखमी एकदा चिडून म्हणाली. "पाण्यात नाय गेली तर शेत कधी शिकायची?"

"तिला कशाला शिकायला पायजे शेत," सुनिल म्हणाला. त्याला वाटलं त्यापेक्षा ते मोठ्यानं निघालं.

हर्षदाला त्यानं समजावून सांगितलं होतं. तुझा मेडिकल होऊ दे, मग भिज किती पण. मेडिकल म्हणजे काय हे तिला कळलं नव्हतं. दिवाळीसारखा काहीतरी दिवस असेल असं ती धरून चालली होती. पाऊस जोराचा आला की ती विचारायची, "बा, मेडिकल झाला?" तो म्हणायचा, अजून नाय. ती परत छत्रीखाली उभी राहायची.

गणपती झाले, गौरी गेल्या. भात पोटरीत आला. गेरूची भिंत पावसाळ्यात ओल येऊन काळवंडली होती. तरी रखमी तिच्यावर कुणाला काही अडकवू देत नव्हती.

सप्टेंबरात एका सकाळी फोन सातच्या आधीच आला. हर्षदा अजून झोपली होती. सुनिलनं ओट्यावर येऊन घेतला. बाहेर झड लागली होती.

"आला," निलम म्हणाली. "पी. आर. आला माझा."

सुनिल म्हणाला, बरा झाला. मग थांबला. पत्र्यावर पाऊस वाजत होता म्हणून त्यानं दुसरा कान हातानं दाबला.

"आणि मेडिकल?" त्यानं विचारलं.

"माझा मेमध्येच झाला."

त्यानं परत विचारलं नाही. मग ती बोलायला लागली. अर्जाचं ते पान नऊ दिवस तसंच उघडं ठेवलं होतं. ड्युटीवरून यायची आणि समोर बसायची. एकदा हर्षदाचं पूर्ण नाव टाइप केलं होतं, जन्मतारीखसुद्धा.

"मग तुजा आवाज यायचा," ती म्हणाली. "तू नको लिवू म्हणालास ना. तुजाच आयकला मी."

सुनिलनं तोंड उघडलं. तू आमची नावं लिहायला पाहिजे होतीस, एवढंच त्याला सांगायचं होतं. सहा महिने तो हे वाक्य तोंडात धरून होता. पण आता ते सांगून तिला तिकडं एकटीला काय मिळणार होतं?

"बराबर केलास," तो म्हणाला.

ती रडायला लागली. पुढच्या रजेत येईन तेव्हा लग्न करू, म्हणाली, कागदावर नको, नुसतं भिकीला बोलावू. तो हो म्हणाला. भिकी श्रावणातच गेली हे त्यानं तिला अजून सांगितलं नव्हतं, आणि आजही सांगितलं नाही. तिची ड्युटी सकाळी लवकर होती. झोप आता, असं त्यानंच तिला सांगितलं.

फोन ठेवून तो आत आला. आढ्याची पिशवी सोडली, फोटो पाहिले. दोन्ही कान नीट दिसत होते. पिशवी परत बांधावी की काय करावं ते त्याला सुचेना, म्हणून ती तशीच हातात धरून तो दारात उभा राहिला. रखमी चुलीपाशी होती. तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि टोपात दूध तापायला ठेवलं होतं ते उतरवलं.

हर्षदा डोळे चोळत बाहेर आली. समोर बांधावर पोरं जमली होती, खेकड्यांसाठी बिळांत हात घालत होती. पाऊस चांगलाच लागला होता. तिनं कोपऱ्यातली छत्री घेतली आणि रोजच्यासारखंच, उत्तर माहीत असल्यासारखं विचारलं.

"बा, मेडिकल झाला?"

"झाला," सुनिल म्हणाला.

ती त्याच्या तोंडाकडं पाहत राहिली. "मग भिजू?"

"भिज."

तिनं छत्री ओट्यावर ठेवली. आधी नुसता हात बाहेर काढून पाहिला, मग एक पाय टाकला, आणि मग पळत सुटली.